सहा जण, सहा बाइक्स, बाहा: सीमा ओलांडण्याआधी काय काय बघावं?

रानवाट
१७ जानेवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा मित्र कॅलिफोर्नियात, अर्वाइन आणि आसपास राहतो. महिन्यातून एक तरी लांबची राइड होतेच. अँझा-बोरेगो, डेथ व्हॅली, एकदा ग्रँड कॅन्यन असं सगळं झालंय, पण बाइकवरून देशाची सीमा अजून कोणीच ओलांडलेली नाही. आता मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात जायला फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला जोडून पाच दिवस काढलेत. शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस करून दुपारी निघायचं, सान इसिद्रोच्या सीमानाक्यावरून तिहुआनात शिरायचं, रात्री सान किंतिनला मुक्काम. शनिवारी गेर्रेरो नेग्रो, रविवारी देवमासे, सोमवार-मंगळवार परतीचा प्रवास.

बाइक्स: दोन हिमालयन ४११, एक इंटरसेप्टर ६५०, एक व्ही-स्ट्रॉम ६५०, एक जीएस १२५० आणि एक जुनी स्पोर्टस्टर. तिघे अमेरिकन नागरिक, एकाचं ग्रीन कार्ड, दोघे एच-१बीवर. त्या दोघांतला एक मी. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प ऑगस्टमध्ये संपलाय. आय-७९७ (एच-१बीचं मंजुरीपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतीची नोंद) मात्र पुढच्या वर्षापर्यंत आहेत. स्पॅनिश कोणालाच येत नाही.

इन्शुरन्स, पेट्रोल, रस्ता, कागद, जे काही तुम्ही अनुभवाने सांगू शकाल ते सांगा. गटाने कसं चालवावं हेही. इथे हायवेवर आम्ही ओळीने जातो, तिथे तसंच चालतं का? आणि घरून एकच प्रश्न आहे, 'सगळे परत याल ना?' त्याला काय उत्तर देऊ तेही सुचवा.

शेवटची गाडी
१७ जानेवारी

रानवाट, बेत वाचला आणि पहिल्याच दिवसाला अडखळले. शुक्रवारी दुपारी निघून रात्री सान किंतिन, हे करू नका. बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे.

हिशेब बघा. फेब्रुवारीच्या मध्याला तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अर्वाइनहून सीमा साधारण दीडशे किलोमीटर, वर शुक्रवारची गर्दी. सीमेवर सहा जणांचे कागद व्हायला एक तास तरी धरा. एन्सेनादा येईपर्यंतच दिवेलागण होईल आणि तिथून सान किंतिन अजून १९० किलोमीटर. एन्सेनादा सोडलं की महामार्ग १ दोन पदरी होतो, मधे दुभाजक नाही, कडेला पट्टी नाही. डांबर जिथे संपतं तिथे वीतभर खाली थेट वाळू. कुंपणं तुटलेली असतात, गुरं मोकळी असतात. बाहात अंधारात बाइक चालवायची नाही, एवढी एक गोष्ट पाळलीत तर निम्मा धोका घरीच ठेवून निघालात असं समजा.

मी सॅन दिएगोला राहते आणि अकरा वर्षं बाहात जाते. सोळा-सतरा फेऱ्या झाल्या असतील, बहुतेक गटासोबत, आणि गटात मी नेहमी सगळ्यात मागे. मागून जे दिसतं ते पुढच्याला दिसत नाही. कोण दमलंय, कोणाची पिशवी एका बाजूला कललीय, कोण पुढच्याला गाठायच्या नादात वळणात जास्त वेग घेतोय. म्हणून माझं सगळं सांगणं शेवटच्या बाइकच्या बाजूने असेल.

शुक्रवारी फक्त सीमेच्या अलीकडे या. चुला विस्ताला किंवा आसपास झोपा. शनिवारी उजाडताच तेकातेहून आत शिरा. सान इसिद्रोच्या मानाने तेकाते अगदी शांत. गेट ओलांडलं की बाइक कडेला लावून इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत जाता येतं. सान इसिद्रोला हिरवा दिवा लागला की बाइक सरळ शहराच्या रहदारीत जाऊन पडते. तुम्ही स्वतःहून उजवीकडच्या लेनमध्ये थांबून विचारलं नाहीत तर पासपोर्टवर शिक्का न बसताच आत जाता, आणि सहा जणांत एक तरी असा सुटतोच. तो एफएमएम म्हणजे पर्यटकाचा प्रवेश-कागद प्रत्येकाकडे हवाच. जास्तीत जास्त १८० दिवसांचा मिळतो. तुम्हाला किती दिवस हवेत ते खिडकीवर स्पष्ट सांगा आणि त्यांनी किती लिहिलेत ते तिथेच वाचून बघा.

तेकातेहून महामार्ग ३ने एन्सेनादा साधारण ११० किलोमीटर. वाटेत ग्वादालूपेचं खोरं लागतं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्ह. सकाळची थंडी असते, रस्ता वळणावळणाचा आहे, पण गटाला एकमेकांची चाल समजायला याहून चांगली सुरुवात नाही. तिहुआनाच्या चौकांतून सहा बाइक्स एकत्र काढणं हे पहिल्या फेरीचं काम नव्हे.

बाहा द्वीपकल्पात बाइकला तात्पुरता आयात परवाना लागत नाही. पुढे कधी ला पासहून फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचं मनात आलं तर मात्र लागतो. तो बान्हेर्सितो ही बँक देते आणि २००७ किंवा नंतरच्या मॉडेलसाठी ४०० डॉलर अनामत घेते. परत येताना तो रद्द करून घेतला नाही तर अनामत बुडते. तुमच्या या बेतात त्याची गरज नाही. मूळ रजिस्ट्रेशन, मोटरसायकल चालवायचा परवाना आणि पासपोर्ट, हे तीन प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर ठेवायचे. बॅगेत नाही, आणि एकाकडे सगळ्यांचे तर मुळीच नाही.

इन्शुरन्सबद्दल: तुमच्या अमेरिकन पॉलिसीची तिसऱ्या पक्षाची जबाबदारी मेक्सिको मानत नाही. मेक्सिकन पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, ऑनलाइन दहा मिनिटांत मिळते. फक्त स्वस्त कोणती एवढंच बघू नका. कायदेशीर मदत आणि जामिनाची रक्कम तिच्यात आहे ना ते आधी वाचा. अपघातात कोणाला इजा झाली तर दोष कोणाचा हे ठरेपर्यंत पोलीस चालकाला ताब्यात ठेवू शकतात, आणि त्या वेळी कामाला येतो तो या ओळींमधला वकील. जबाबदारीची रक्कम मी स्वतः पाच लाख डॉलरची घेते. पॉलिसी कागदावर छापून घ्या. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

आता पेट्रोल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

एल रोसारियोला पंप आहे. तिथून गेर्रेरो नेग्रो साधारण ३५५ किलोमीटर, आणि त्याच्या थोडं अलीकडे व्हिया हेसुस मारियाला पुढचा पंप. मधल्या सव्वातीनशे किलोमीटरमध्ये पंप धरायचाच नाही. कातावीन्याला रस्त्याच्या कडेला लोक पिंपातून पेट्रोल विकतात. बहुतेक वेळा मिळतं, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. आता तुमच्या टाक्या बघा. व्ही-स्ट्रॉमची वीस लिटर, तिची काळजी नाही. हिमालयनची पंधरा आणि मायलेज उत्तम, तीही निघेल. इंटरसेप्टरची १३.७, समोरून वारा लागला तर काठावर. स्पोर्टस्टरची टाकी किती लिटरची आहे? काहींना जेमतेम आठ लिटरची येते, काहींना साडेबारा. सहा टाक्यांतली जी सगळ्यात लहान तीच तुमच्या गटाची टाकी. थांबे तिच्या हिशेबाने ठरवा, आणि स्पोर्टस्टरवाल्याला दरवेळी 'माझ्यामुळे थांबावं लागतंय' असं वाटू देऊ नका. ते ओझं वाटलं की माणूस 'चालेल, जाईल' म्हणतो आणि नेमका वाळवंटाच्या मध्यात अडकतो.

पंपावर हिरवी नळी म्हणजे माग्ना, लाल म्हणजे प्रीमियम. पेट्रोल कर्मचारी भरतात. मीटर शून्यावर आहे ना ते आधी बघा, आणि पेसोंत, सुट्ट्या नोटांत पैसे द्या.

गटाने चालवण्याबद्दल उद्या लिहिते, आज इथेच थांबते. स्टॅम्पचं कोणी जाणकार सांगेल, पण ती बाब हलकी समजू नका.

कागदोपत्री
१८ जानेवारी

स्टॅम्पबद्दल मी सांगतो. मी वकील नाही, पण याच अवस्थेतून दोनदा गेलोय.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला, मेक्सिकोत शिरता येईल का? भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू मल्टिपल-एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर ती अट माफ होते. तुमच्या ग्रीन कार्डवाल्या मित्राचं आणि चालू स्टॅम्प असलेल्या दुसऱ्या एच-१बीवाल्याचं काम झालं. तुमचा स्टॅम्प संपलाय, म्हणजे तुम्हाला ही माफी नाही. आय-७९७ दाखवून चालत नाही, तो व्हिसा नव्हे. मेक्सिकन वकिलातीत अर्ज करून व्हिसा घ्यावा लागेल.

दुसरा, परत येता येईल का? इथे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाचा नियम आहे. फक्त मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन तीस दिवसांच्या आत परतलात, आय-९४ची मुदत शिल्लक आहे, स्टेटस टिकवलंय, आणि त्या मुक्कामात अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला नाही, तर संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येतं. जाताना आय-९४ कोणाला देऊन टाकू नका, त्याची प्रिंट आणि आय-७९७ची मूळ प्रत सोबत ठेवा. मी दोन्ही वेळा असाच परतलो. एकदा अधिकाऱ्याने आत बसवून चाळीस मिनिटं तपासलं, एकदा दोन मिनिटांत सोडलं. तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आधी ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

वकिलातीची अपॉइंटमेंट फेब्रुवारीआधी मिळेलच अशी खात्री धरू नका.

परतीच्या रांगेबद्दलही एक: सान इसिद्रोची रेडी लेन चिपवाल्या कार्डांसाठी असते. ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट कार्ड चालतं, नुसत्या पासपोर्टवरचा व्हिसा चालत नाही. सेंट्री या आधी नोंदणी करायच्या योजनेच्या लेनमध्ये तर प्रत्येक जण तिचा सभासद हवा. सहा जण सवयीने एकामागोमाग चुकीच्या लेनमध्ये शिरलात तर पुन्हा मागे काढतील. कोण कुठल्या लेनचा हे आधी ठरवा आणि भेटायची जागा अमेरिकेच्या बाजूला ठेवा.

शेवटची गाडी
१८ जानेवारी

कागदोपत्री, हे नेमकं लिहिल्याबद्दल आभार.

आता गटाचं. सहा जण सरळ रस्त्यावर डावी-उजवी अशी तिरकी रांग करता, ती ठीक. वळणांत एकेरी रांग आणि अंतर दुप्पट. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचा. पुढचा गेला म्हणून मागच्याने जायचं नाही. तिकडे ट्रकवाले तुम्हाला वाट मोकळी आहे हे सांगायला डावा इंडिकेटर देतात. पण डावीकडे वळतानाही तोच देतात. पुढे डावीकडे फाटा, शेताचा रस्ता, टपरी काही आहे का, हे बघितल्याशिवाय त्या दिव्यावर विश्वास टाकू नका.

फाट्यावर कोणी चुकू नये म्हणून आम्ही 'कोपरा राखतो'. वळण आलं की म्होरक्याच्या मागचा, म्हणजे दुसरा, तिथेच कडेला थांबतो आणि सगळ्यांना हाताने दिशा दाखवतो. शेवटची गाडी दिसली की तिच्या पुढे लागून निघतो. पुढच्या फाट्यावर जो दुसरा असेल तो थांबतो. असं केलं की कोणी कोणाला गाठायला पळवत नाही, कारण माहीत असतं की वळणावर माणूस उभा आहे. म्होरक्या आणि शेवटचा एवढेच दोघे दिवसभर ठरलेले असतात. शेवटचा कोण ते विचारपूर्वक ठरवा. पंक्चर काढता येणारा, हवेचा पंप आणि औषधपेटी जवळ असलेला, आणि मुख्य म्हणजे मागे राहायला कंटाळा न येणारा.

गावात शिरताना तोपे असतात, म्हणजे गतिरोधक. काही रंगवलेले, काही नाहीत. मानेयादेरोपासून सान किंतिनपर्यंत प्रत्येक वस्तीत आहेत. वादो म्हणजे रस्त्यातला सखल भाग, पावसाचं पाणी रस्त्यावरून जावं म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला. कोरडा असला तरी तळाशी वाळू साचलेली असते. वादोची पाटी दिसली की तळ दिसेपर्यंत वेग कमी.

लष्कराची तपासणी नाकी लागतील. पोरसवदा सैनिक असतात, नम्र असतात. इंजिन बंद, हेल्मेट काढा, गॉगल काढा. कुठून आलात, कुठे चाललात, एवढंच विचारतात. 'दे तेकाते, आ गेर्रेरो नेग्रो' पुरतं. शस्त्र आणि काडतुसांबाबत मेक्सिकोचा कायदा फार कडक आहे, एक सुटी गोळी सापडली तरी तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. तुमच्यापैकी कोणी सॅडलबॅग मित्राकडून उसनी आणणार असेल आणि तो मित्र शूटिंग रेंजवर जाणारा असेल, तर बॅग उलटी करून झटका, शिवणीत बोटं घालून बघा. सर्दीच्या गोळ्याही तपासा. स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं तिथे बंदी असलेली आहेत, आणि व्हेपही नेता येत नाही.

रस्त्यात बाइक बंद पडली तर ०७८ फिरवा. आंखेलेस व्हेर्देस, हिरव्या ट्रकमधून महामार्गावर गस्त घालणारे मेकॅनिक. मदत फुकट असते, सुट्या भागांचे आणि पेट्रोलचे पैसे द्यायचे. पण एल रोसारियोच्या पुढे लांबच लांब पट्टे फोनला सिग्नल नसतो. गटात एक सॅटेलाइट मेसेंजर असू द्या, आणि तो शेवटच्या गाडीवर असू द्या.

आणखी एक, हे नेहमी विसरलं जातं. २८व्या अक्षांशावर राज्य बदलतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. देवमाशांची होडी दक्षिणेच्या वेळेने सुटते.

लांबचा पल्ला
१९ जानेवारी

माहिती उत्तम आहे, पण रात्रीबद्दल ताई जरा जास्त घाबरवताहेत असं वाटतं. माझ्या जीएसला दोन चांगले जादा दिवे आहेत. मी दोनदा सान किंतिन ते गेर्रेरो नेग्रो रात्री केलंय, रस्ता मोकळा मिळतो. १९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर यांनी २५० सीसी होंडांवर तिहुआना ते ला पास चाळीस तासांच्या आत केलं. महामार्ग तर १९७३ला पूर्ण झाला, तेव्हा रस्ताच नव्हता! दिवे चांगले असतील आणि वेग आवरता येत असेल तर रात्र चालते.

शेवटची गाडी
२० जानेवारी

लांबचा पल्ला, तुम्ही सुखरूप आलात याचा आनंद आहे. एकिन्स आणि रॉबर्टसन यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण त्याच सफरीत रात्रीच्या धुक्यात ते वाट चुकले आणि गोल फिरत राहिले, समोर चाकांच्या खुणा दिसल्या त्या स्वतःच्याच निघाल्या. आणि ते दोघेच होते, दोघेही कसलेले. इथे सहा जण पहिल्यांदा निघालेत. तुमचे दिवे तुमच्या बाइकला आहेत, मागच्या पाच जणांना नाहीत.

मी हे सहसा लिहीत नाही, पण रानवाटसाठी लिहिते.

नोव्हेंबर २०१८. आम्ही सात जण होतो. एन्सेनादाला एकाची चेन सैल निघाली, ती नीट करण्यात दोन तास गेले. दुपारचा दीड वाजला होता. तिथेच खोली घ्यायला हवी होती. मी तसं म्हटलंही, पण एकदाच म्हटलं. बाकीच्यांना एल रोसारियो गाठायचं होतं, पुढे हॉटेलचे पैसे भरलेले होते. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

नोव्हेंबरात पावणेपाचला सूर्य जातो. सान किंतिन मागे टाकलं तेव्हा समुद्राच्या बाजूला नुसती एक तांबूस रेघ उरली होती. मी सातवी. माझ्यापुढचा, सहावा, पाचव्याच्या लाल दिव्याकडे बघत चालवत होता. अंधारात सगळे तेच करतात, रस्ता दिसत नाही म्हणून पुढचा दिवा धरतात. रस्त्यात काळी गाय उभी होती. पाठमोरी. समोरून असती तर डोळे चमकले असते, पाठमोऱ्या काळ्या गाईचं काहीच चमकत नाही. पाचव्याला ती अगदी शेवटी दिसली, तो डावीकडून निघाला. सहाव्याला फक्त लाल दिवा बाजूला सरकलेला दिसला. त्याने उजवीकडे घेतलं, पुढचं चाक डांबराच्या काठावरून वाळूत उतरलं आणि बाइकने त्याला फेकलं.

मी थांबले तेव्हा त्याची बाइक आडवी पडून चालूच होती, मागचं चाक हवेत फिरत होतं. किल्ली बंद केली तशी एकदम शांतता झाली. गाय तिथेच उभी होती, तिने मानही वळवली नाही. तो शुद्धीत होता. मी त्याचं हेल्मेट काढू दिलं नाही, दोन गुडघ्यांत धरून बसले. तो 'हात, हात' म्हणत होता. गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

पुढच्या पाच जणांना काही कळलंच नव्हतं. ते सहा-सात किलोमीटर पुढे निघून गेले होते. कोणी आरशात बघितलंच नाही, आणि बघून तरी अंधारात किती दिवे दिसतात ते मोजता येत नाही. त्या पंचवीस मिनिटांत मी एकटी होते. मागून एक भाज्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरने काही न विचारता ट्रक आमच्या मागे आडवा लावला, सगळे इशारादिवे लावले, उतरून मागच्या बाजूला दगड मांडले. रुग्णवाहिका येईपर्यंत तो हलला नाही. मला तेव्हा 'ग्रासियास'च्या पुढे स्पॅनिश येत नव्हतं. त्या रात्रीनंतर शिकले.

विमा कंपनीचा माणूस, तिकडे त्याला आहुस्तादोर म्हणतात, सान किंतिनच्या दवाखान्यात आला, कागद करून दिले. त्याची छापील पॉलिसी जॅकेटच्या आतल्या खिशात होती म्हणून ते सोपं झालं. बाइक बारा दिवस एका यांतेराच्या, म्हणजे पंक्चरच्या दुकानाच्या, अंगणात ताडपत्रीखाली होती.

तो मित्र आज ठणठणीत आहे, पुन्हा चालवतो. पण तेव्हापासून माझा नियम असा: सूर्य मावळायच्या दोन तास आधी मुक्कामी. दीड वाजता चेन सैल निघाली तर दीड वाजता खोली घ्यायची. पैसे भरलेले असोत वा नसोत.

लांबचा पल्ला
२० जानेवारी

ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझं म्हणणं मागे घेतो. मी दोन्ही वेळा एकटा होतो, गटात मागच्याला काय दिसतं याचा विचारच केला नव्हता. रानवाट, ताईंचं ऐका. तुमच्या जीएसवाल्याला पुढे नका ठेवू, इतकंच माझ्याकडून. मोठ्या बाइकचा आरामाचा वेग मागच्या स्पोर्टस्टरला झेपत नाही.

रानवाट
२१ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंचं वरचं आम्ही सहाही जणांनी वाचलं, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रात्री कोणी काही लिहिलं नाही.

वकिलातीत फेब्रुवारीची तारीख मिळत नाहीये. मी बाकीच्यांना तुम्ही जा म्हटलं. स्पोर्टस्टरवाला म्हणाला, सहाव्या गाडीला सोडून जायचं असेल तर वरचं सगळं वाचलं कशाला. तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ढकलतोय. देवमासे तेव्हा असतात का?

स्पोर्टस्टरची टाकी साडेबाराची आहे. महामार्गावर लिटरला साधारण एकोणीस देते.

शेवटची गाडी
२१ जानेवारी

असतात. माद्या पिल्लांना घेऊन खाडीत शेवटपर्यंत थांबतात, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिसतात. आणि मार्चअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुम्हाला दीड तास जादा मिळाला. तोवर बाहा कॅलिफोर्नियाचं घड्याळही पुढे गेलेलं असेल, त्यामुळे २८व्या अक्षांशावरचा फरक राहणार नाही.

साडेबारा लिटर गुणिले एकोणीस म्हणजे २३७. गेर्रेरो नेग्रोपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर कमी पडतंय. चार-चार लिटरचे दोन चपटे कॅन घ्या, एल रोसारियोला भरा, आणि व्ही-स्ट्रॉमवर बांधा. स्पोर्टस्टरवर बांधू नका, तिचं मागचं टोक आधीच जड असतं. शिवाय त्यामुळे व्ही-स्ट्रॉम आणि स्पोर्टस्टर दिवसभर जवळजवळ राहतील.

रानवाट
६ एप्रिल

परत आलो. सगळे. घरच्या प्रश्नाचं उत्तर मंगळवारी संध्याकाळी दारात उभं राहून दिलं.

थोडक्यात हकीकत. तेकातेला सव्वासहाला होतो, पाऊण तासात सहाही शिक्के झाले. पहिला मुक्काम सान किंतिनलाच, पण दुपारी तीनला पोचलो. हॉटेलवाल्या बाईंना वाटलं आम्ही चुकून लवकर आलो. दुसऱ्या दिवशी एल रोसारियोला सगळ्या टाक्या आणि दोन्ही कॅन भरले. तिथून पुढचं वाळवंट फोटोत मावत नाही. घरांएवढे गोल दगड एकावर एक, आणि मधे सिरिओची झाडं, उलट्या लावलेल्या गाजरांसारखी, टोकाला वाकलेली. कातावीन्याला पिंपवाला होता. त्याने नरसाळ्यावर फडकं टाकून आमच्यासमोर पेट्रोल गाळून दिलं. स्पोर्टस्टरला तिथे पाच लिटर घेतले आणि कॅनमधलं तसंच ठेवलं. ते उपयोगी पडलं, पण आम्हाला नाही. पुढे रस्त्याच्या कडेला एक म्हातारे जोडपं पिकअप घेऊन कोरडं पडलं होतं, त्यांना आठच्या आठ लिटर दिले.

शेवटची गाडी हिमालयनवाला होता, सगळे दिवस. कोपरा राखायची पद्धत पहिल्या दिवशी दोनदा चुकली, नंतर अंगवळणी पडली. परतीच्या दिवशी एन्सेनादाच्या अलीकडे इंटरसेप्टरच्या मागच्या चाकात खिळा शिरला. यांतेरा सापडून काम होईपर्यंत साडेतीन वाजले. तेकाते अजून गाठता आलं असतं. हिमालयनवाला म्हणाला, खोली बघा. कोणी दुसरा शब्द काढला नाही. त्यामुळे सोमवारऐवजी मंगळवारी सीमेवर आलो. मला आत नेऊन आय-९४ची प्रिंट आणि आय-७९७ बघितली, वीस मिनिटांत सोडलं. बाकीचे पाच जण पलीकडच्या पेट्रोल पंपावर उन्हात उभे होते.

ताई, ओहो दे लिएब्रेच्या खाडीत एक मादी पिल्लाला पाठीवर घेऊन होडीच्या अगदी कडेला आली. मी हात पाण्यात घातला. कातडी रबरासारखी गुळगुळीत असेल असं वाटलं होतं, पण तिच्यावर शंखांसारखे कवचाचे जीव चिकटलेले, खरखरीत. हाताला अजून जाणवतंय.

सप्टेंबरनंतर पुन्हा जाऊ म्हणताहेत सगळे, या वेळी सान इग्नासियोपर्यंत. तुम्ही मागे राहून याल का?